धवलारणीचं तोंड

माझ्या तोंडाविषयी सातपाटीत सगळे बोलून झाले. बंदरावर बोलले, नळावर बोलले, माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन बोलले. ज्या बाईचं तोंड, तीच तेवढी बोलायची राहिली होती. तेव्हा आता ऐका.

मी हिरा. सकाळी बोईसरच्या बाजारात मासळी विकते आणि लग्नसराईत धवला गाते. आमच्याकडे लग्नाला भटजी येतो, मंत्र म्हणतो, दक्षिणा घेऊन जातो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मांडवाच्या सकाळी देवांना आणि पितरांना घरी बोलवायचं असतं ते गाण्यातून, आमच्याच बोलीत, आणि ते काम धवलारणीचं. आधी देव, मग गावाच्या सीमा, मग त्या घरातली गेलेली माणसं. सगळ्यात शेवटी जे दर्यात गेले आणि परत सापडले नाहीत, ते. त्यांना ना खांदा मिळाला, ना अग्नी. घरातल्या लग्नाचं आमंत्रण तेवढं मिळतं, आणि ते धवलारणीच्या तोंडून. माझ्या सासूने मला हे सगळं तोंडी शिकवलं. कागदावर एक अक्षर नाही.

गेल्या वैशाखात मारुतीच्या दिपेशचं लग्न होतं. मारुती आमच्याच आळीतला, दोन बोटींचा मालक, आवाज तिसऱ्या बोटीइतका. डीजेवाला दोनदा मांडवात येऊन मला घड्याळ दाखवून गेला. मुलं नाचायला खोळंबली होती. मारुती स्वतः म्हणाला, "वयनी, जरा आटप." मी आटपलं. घरी येऊन चहाचा कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. जिवल्याचं नाव घ्यायचं राहिलं होतं.

जिवल्या मारुतीचा मोठा भाऊ. चौदा वर्षांपूर्वी त्याची बोट वादळात गेली. बाकीचे तिघे तरंगत सापडले, जिवल्या नाही. मागे बायको पारू आणि आठ वर्षांची पोर हेमाली. दोघींना मारुतीनेच सांभाळलं, हे त्याचं मी मान्य करते. आणि त्याच मारुतीच्या मुलाच्या लग्नात सख्ख्या काकाला मी बोलावलं नाही. मी कोणाला सांगितलं नाही. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर मान जाईल याची भीतीही वाटली.

आषाढात तोंड आलं. तोंड सगळ्यांचंच कधी ना कधी येतं, चार दिवसांत जातं. माझं गेलं नाही. आधी मिरची झोंबायला लागली, मग मीठ, मग चहा, मग नुसता गरम भात. मोबाईलच्या उजेडात आरशात पाहिलं तर दोन्ही गालांच्या आतून पांढऱ्या रेघांची जाळी, अगदी बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, आणि हिरड्या सोलल्यासारख्या लाल. कोळणीच्या तोंडातच जाळं टाकलेलं पाहून मला आधी हसूच आलं. मग रडू आलं.

मेडिकलमधून जेल आणलं, गोळ्या खाल्ल्या, तूप लावलं, तुरटीच्या गुळण्या केल्या. कशानेच आराम पडेना. आराम पडायचा तो मिसरीने. तीस वर्षं मी सकाळ-संध्याकाळ मिसरी लावत आले. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरडीवर चोळली की जागा बधिर होते. मग मी दोनदाची चारदा केली, चारदाची सहादा. आगीवर तेल ओतत होते आणि वर म्हणत होते, बघ कसं गार वाटतंय!

बाजारात गिऱ्हाईकांच्या लक्षात यायला लागलं. मी ओरडायची कमी झाले होते, आणि न ओरडणारी कोळीण म्हणजे लोकांना काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. कंपनीतला एक कामगार माझं नेहमीचं गिऱ्हाईक. तो म्हणाला, "मौसी, मुँह में क्या हुआ? तंबाकू वाला तो नहीं?" आणि बोंबील शेजारणीकडून घेऊन गेला. सातपाटीत तर तोवर माझा कॅन्सर ठरलाही होता. किती महिने उरले एवढंच काय ते ठरायचं होतं.

मग मी मूर्खपणा केला. गावच्या भगताकडे गेले. तांदळाचे दाणे सुपात टाकत त्याने विचारलं, "कोणाचा काय राहिला हाय काय?" असं तो सगळ्यांनाच विचारतो, आणि प्रत्येकाचं काही ना काही राहिलेलं असतंच. पण जी गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नव्हती, ती मी त्या सुपापुढे ओकून टाकली. भगताने डोळे मिटले आणि म्हणाला, "त्यानेच धरलाय तुजा तोंड." कोंबडा झाला, दर्याला नारळ झाला. तोंड होतं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या बायकांना सगळं माहीत.

पौषात हेमालीचं ठरलं, खाडीपलीकडे मुरब्याला. वैशाखातली तारीख निघाली. त्यानंतर दोनच दिवसांनी मारुती आमच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. बसला नाही.

"वयनी, हेमालीच्या मांडवात धवला तू नको बोलू."

"मग कोण बोलणार?"

"रेकॉर्डिंग हाय. हेमालीच्या नवऱ्याच्या दोस्ताने पेन ड्राइव्हवर आणलाय. साफ आवाज हाय, चुकीचा कारण नाय." मग त्याने आवाज खाली आणला. मारुती आवाज खाली आणतो तेव्हा जास्त लागतं. "माज्या भावाला तू दारात उभा ठेवला. त्याने तुजा तोंड जाळला. आता त्याच तोंडाने त्याच्या पोरीचा लगीन लावशील?"

 अख्ख्या आयुष्यात मी मारुतीपुढे एकदाच गप्प राहिले आणि ती वेळ ही. कारण मलाही तेच खरं वाटत होतं. माझा नवरा जानू कोपऱ्यात जाळं शिवत बसला होता. सुई हातात तशीच धरून तो माझ्याकडे बघत राहिला. मारुती निघून गेला. माझ्या त्या गप्प राहण्याचा मला आजही राग येतो.

चार दिवसांनी हेमाली आली. ती तारापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते, ड्युटी संपवून तशीच आली होती, डोक्यावरची जाळीची टोपी काढायचीसुद्धा विसरली होती. मी दूधभात कालवत बसले होते, तान्ह्या पोराचं जेवण.

"काकी, काका काय बोलला ते मला कळला. मला तुजाच धवला पायजे."

"बाय, माजा तोंड बघितला काय? आनि तुज्या बाबाचा माज्यावर राग हाय."

"माजा बाबा रागवायचा नाय कोणावर. तूच सांगतेस ना मला?" तिचे डोळे भरले. "पेन ड्राइव्हला काय माहीत माजा बाबा कोण होता? त्याला ज्याने बघितलाय त्यानेच बोलवायचा. तू आधी डॉक्टरला दाखव. अजून तीन महिने हायत."

तिच्यापुढे मला नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी टोपली शेजारणीकडे दिली आणि जानूला घेऊन एसटीने पालघरला गेले. स्टेशनजवळ एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. बाई तरुण, नाव भाग्यश्री. तिने आरसा आत घालून एक गाल बघितला, दुसरा बघितला, जीभ उचलून खालून बघितली. इतक्या निवांतपणे माझ्या तोंडात आजवर कोणीच पाहिलं नव्हतं.

"मावशी, मिसरी लावता?"

"नाय."

तिने माझा उजवा हात धरला आणि पहिलं बोट उजेडात नेलं. नखापासून पेरापर्यंत काळं. "मग हे बोट काय कोळशाच्या वखारीत कामाला जातं?"

जानू खो खो हसला. दवाखान्यात! मी त्याला कोपर मारलं आणि डॉक्टरीणबाईला म्हटलं, "लावते. सहादा." आणि मग पुढचंही विचारून टाकलं, कारण ते विचारल्याशिवाय श्वास घेता येईना. "कॅन्सर हाय काय?"

"दिसायला तसं वाटत नाही. पण नुसतं बघून मी सांगणार नाही. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू."

जागा बधिर करून तिने गालाच्या आतून तिळाएवढा तुकडा काढला, एक टाका घातला. अहवाल यायला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी ट्रंकेतून नवी साडी काढून जानूला सांगितलं की मला हीच नेसवा, ती हिरवी नको, हिरवीत मी जाड दिसते. तो उठून बाहेर गेला आणि संध्याकाळपर्यंत आला नाही. एवढी भेदरले होते मी. आज बढाई मारते म्हणून तेव्हाचं लपवत नाही.

अहवाल आला. कॅन्सर नव्हता. नाव निघालं लायकेन प्लॅनस. मी ते नाव तिथेच पाचदा म्हणून पाठ केलं. धवलारीण आहे, नाव विसरण्याची चूक पुन्हा करायची नव्हती.

डॉक्टरीणबाईने समजावलं. शरीराची राखण करणाऱ्या पेशी असतात. त्या चुकून आपल्याच तोंडाच्या आतल्या कातडीला परकी समजतात आणि तिच्यावर तुटून पडतात.

"म्हंजे बंदरावरचा राखणदार आपल्याच माणसांना काठी घालतो," मी म्हटलं.

"अगदी तसंच. असं का होतं ते नक्की कोणाला माहीत नाही. हा संसर्गजन्य नाही, उष्ट्याने होत नाही. मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही, पण ताब्यात राहतो. मिसरीने हा झालेला नाही, पण मिसरीने आग वाढते. आणि या जागी पुढे कॅन्सर होण्याचा धोका थोडा असतो, मिसरी चालू राहिली तर तो आणखी वाढतो. म्हणून मिसरी आजपासून बंद, आणि दर सहा महिन्यांनी मला तोंड दाखवायचं. दुखत नसलं तरी."

मी पदराने कपाळ पुसलं आणि मला जे खरं विचारायचं होतं ते विचारलं. "बाई, कोणाचा नाव घ्यायचा राहिला तर होतो काय हा?"

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. पेन खाली ठेवून तिने मला सगळं विचारलं, आणि बाहेर पेशंट ताटकळत असताना मी सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "नाही मावशी. नाव राहिल्यामुळे हा होत नाही. तुम्ही नाव विसरलात, ते वेगळं. हा आजार वेगळा."

एवढंच. पण परतीच्या एसटीत मला ते सारखं ऐकू येत होतं. हे वेगळं, ते वेगळं. आठ महिने मी दोन्ही एकाच टोपलीत भरून डोक्यावर वाहत होते, आणि म्हणून मारुतीपुढे माझी मान वर होत नव्हती. आजारावर औषध होतं. चुकीवर माफी होती. यातलं एकही मी आजवर केलं नव्हतं, कारण कोंबड्यावर दोन्ही भागवायला निघाले होते. घरी पोचेपर्यंत माझी भीती गेली आणि राग आला. मला राग आला की बरं वाटतं.

औषध दोन तऱ्हेचं. जिथे सोललं होतं तिथे बोटाने लावायचं मलम. आणि पाण्यात मिसळून तोंडात धरायचं औषध, दिवसातून तीनदा. घोट घ्यायचा, पाच मिनिटं तोंडात फिरवत राहायचं, गिळायचं नाही, थुंकायचं, आणि पुढे अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही. तुम्हाला वाटेल पाच मिनिटं म्हणजे काय! माझ्यासारख्या बाईने पाच मिनिटं न बोलता काढून दाखवावीत. जानू मोबाईलवर वेळ लावून समोर बसायचा आणि वर्षभरात जे जे बोलायची त्याची हिंमत झाली नव्हती, ते सगळं त्या पाच मिनिटांत बोलून घ्यायचा.

मिसरी सुटता सुटेना. पहिले पंधरा दिवस मी शेजारणीशी भांडले, मांजरीशी भांडले, एका गिऱ्हाइकाला तर सुरमईच फेकून मारणार होते. जानू म्हणाला, तुझ्यासोबत मीही तंबाखू सोडतो. आठव्या दिवशी त्याच्या खिशात पुडी सापडली, ते जाऊ दे. मी मात्र परत लावली नाही. बोट अजून जरा काळपट आहे, पण तो डाग आता नुसता जुना आहे.

तिखट बंद. आमच्या घरात कालवण लाल नसेल तर लोक विचारतात, कोण आजारी आहे. मी हळद-मिठातले मऊ बोंबील खाल्ले, भाताची पेज प्यायले, ब्रश मऊ घेतला. महिन्याने अर्धी भाकरी कालवणात भिजवून खाल्ली आणि जानूला मोठ्याने हाक मारून दाखवली. सोललेली जागा भरत आली. पांढरी जाळी राहिली, ती राहणारच. मध्येच एखादा आठवडा पुन्हा पेटायचं. पेटलं की पूर्वी मी जिवल्याची क्षमा मागायचे. आता औषधाची बाटली शोधायचे.

बोईसरच्या बाजारात पुन्हा आवाज लावला. तो कंपनीतला कामगार लांबूनच बघत होता. मी त्याला हाक मारून जवळ बोलावलं आणि आ करून दाखवलं. "देख. चमडी का बीमारी है. किसी को लगता नहीं. डॉक्टर का कागज है मेरे पास, पढ़ेगा?" तो बिचारा ओशाळला. म्हणाला, नहीं मौसी, बोंबील दे दो. शेजारणीपेक्षा दोन जास्तच दिले त्याला.

मांडवाचा दिवस आला. मला आमंत्रण होतं ते आळीतली बाई म्हणून, हळदीला आणि जेवायला. मी मात्र धवलारणीचं नेसूनच गेले. सासूचं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, केसात अबोली, आणि कमरेला खोचलेली औषधाची बाटली. जानू मागे. मांडवात हेमाली पाटावर बसली होती, माणसं दाटली होती, आणि मधल्या खांबाशी माझ्या जागेवर कमरेएवढा स्पीकर उभा केला होता.

नऊ वाजले, म्हणजे औषधाची वेळ. एकदा धवला सुरू झाला की तासभर थांबता येत नाही. म्हणून मी मांडवाच्या बाहेरच घोट घेतला आणि गाल फुगवून उभी राहिले. जानूने मोबाईल काढला. आणि नेमका मारुती आला.

"वयनी! हा काय नेसून आलीस? मी तुला काय सांगितला होता?"

मी जानूकडे पाहिलं. त्याने चार बोटं दाखवली.

"रेकॉर्डिंग लावतो आमी. तू आत बस, जेव, जा. पण खांबाजवळ येऊ नको." माझ्याकडून उत्तर नाही, याची त्याला सवय नव्हती. तो चढतच गेला. "माज्या भावाच्या पोरीचा लगीन हाय. लोकांना माहीत हाय तुज्या तोंडाचा. मुरब्याची मानसं काय बोलतील?"

तीन बोटं. माणसं मांडवातून बाहेर येऊन गोल करून उभी राहिली. मी औषध या गालातून त्या गालात फिरवत होते आणि डोळ्यांनी मारुतीला सोलत होते.

"बघा, बोलती बंद झाली!" मागून कोणीतरी म्हणालं. आणि एक म्हातारी पुटपुटली, "जिवल्याने तोंड बांधला गो तिचा." दोन बोटं. मारुतीही चपापला, त्याचा आवाज उतरला. "वयनी? काय होतंय तुला?" एक बोट. सातपाटीत आजवर इतकी माणसं इतका वेळ माझ्याकडे बघत गप्प उभी राहिली नव्हती. मोबाईल वाजला. मी नारळाच्या बुंध्याशी जाऊन थुंकले, पदराने तोंड पुसलं आणि वळले.

"मारुती, मी औषध घेत होती. पाच मिनिटं धरायचा असतो तोंडात. आता तुजा झाला असेल तर माजा ऐक. सगळेच ऐका." मग मी मांडवात शिरले, कारण जे सांगायचं होतं ते हेमालीसमोर सांगायचं होतं. "गेल्या वैशाखात, दिपेशच्या लग्नात, मी जिवल्याला बोलवला नाय. घाई झाली, विसरली. चूक माजी. डीजेवाल्याची नाय, मारुतीने आटप सांगितला त्याचीबी नाय. धवलारीण मी, चूक माजी. वर्षभर ती कबूल केली नाय, ती दुसरी चूक. जिवल्याची माफी मागते, मारुतीची मागते, पारूची मागते." खाली वाकून मी जमिनीला हात लावला. 

मग मी ताठ उभी राहिले. "आनि आता हा बघा." मी खांबावरच्या दिव्याच्या उजेडात तोंड उघडलं, जेवढं उघडतं तेवढं, आणि बोटाने गाल बाहेर ओढला. "हा रोग हाय. लायकेन प्लॅनस त्याचा नाव. तुकडा काढून तपासला, कागद घरी हाय. कोणाला लागत नाय. बरा होईल का नाय सांगता येत नाय, पन औषध हाय, आनि मी घेते. हा मला जिवल्याने दिला नाय."

"भगत बोलला..." मारुती म्हणाला.

"भगताला मीच सांगितला होता, म्हणून तो बोलला! तू तर जिवल्याचा भाव. तू सांग, कसा होता तो? बोट लागली की स्वतःच्या वाट्यातली मासळी जिचा घोव नाय तिच्या टोपलीत टाकायचा. तुला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा, आठवतंय? त्या मानसाने एका नावासाठी बाईचा तोंड जाळला, असा तू गावभर सांगत फिरलास. मी त्याला एक दिवस विसरली, मारुती. तू वर्षभर त्याला भूत केलास."

 मारुतीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तसा तो आणखी चिडला, पुरुष चिडतात तसा. मांडवाच्या कोपऱ्यातला मानाचा पेला त्याने उचलला. धवला सुरू करण्याआधी धवलारीण दारूचा एक घोट घेते, तो तिचा मान. "मग घे," तो म्हणाला. "रीत हाय. मान घेतल्याशिवाय धवला नाय."

ती दारू माझ्या हिरड्यांना लागली असती तर मी गाऊच शकले नसते. त्यालाही ते कळत होतं. मी पेला घेतला आणि खांबाच्या मुळाशी ओतला. "मान देवाने घेतला. माज्या तोंडाला आता औषधाचा मान हाय. पुढच्या धवलारणीने प्यायचा तर पिऊ दे, मी पिनार नाय."

म्हाताऱ्यांमध्ये कुजबूज झाली. मुरब्याची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात पाटावरून हेमाली म्हणाली, "काका, ती मशीन बंद कर. काकी, सुरू कर." स्पीकरवाल्याने नवरीकडे पाहिलं, मारुतीकडे पाहिलं, आणि वायर काढली. मारुती मागे सरला.

मी सुरू केलं. आवाज आधी चिरकला, मग सापडला. देव बोलावले, सीमा बोलावल्या. प्रत्येक नाव घेतलं की त्या नावाच्या हक्काचा माणूस "आला" म्हणतो, तेव्हा ते आमंत्रण पोचतं. पितरांची नावं घेत गेले आणि मांडवातून "आला", "आली" येत गेलं. अर्धा तास पाणी प्यायचं नव्हतं, घसा कोरडा पडला. आजोबांच्या नावाशी डावी हिरडी फुटली. रक्ताची चव आली, ती गिळून पुढे गेले. दुखत होतं. दुखत नव्हतं असं मी कोणाला सांगणार नाही.

मग दर्यात गेलेले. आधी मारुतीचा चुलता, त्याला दिपेशने उत्तर दिलं. मग मी श्वास घेतला आणि जिवल्याला बोलावलं. मुरब्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलावलं.

उत्तर मारुतीने द्यायचं होतं. तो भाऊ, तो हक्काचा. तो खाली बघत उभा राहिला. जळत्या तोंडाने मी थांबून राहिले. हेमालीने ओठ दाताखाली धरले होते, पण धवल्यात नवरी उत्तर देत नाही. मी दुसऱ्यांदा नाव घेतलं. 

"आला!"

आवाज मागून आला, चुलीकडून. विधवा बाई मांडवाच्या आत येत नाही, म्हणून सकाळपासून पारू मागे तांदूळ निवडत बसली होती, स्वतःच्या एकुलत्या पोरीच्या लग्नात. ती सूप तसंच टाकून उठली होती. हातांना कोंडा, केस सुटलेले. "आला माजा घोव!" ती पुन्हा म्हणाली, आणि माणसांतून वाट काढत सरळ पाटाशी येऊन हेमालीच्या मागे उभी राहिली. दोन्ही हात तिने पोरीच्या खांद्यांवर ठेवले.

तिला कोणी बाहेर जा म्हणालं नाही. एका म्हातारीने तोंड उघडलं होतं, पण माझ्याकडे पाहून मिटलं. मारुती रडत होता, पोरासारखा, बाहीने नाक पुसत. मग त्यानेही म्हटलं, "आला." उशिरा म्हटलं, पण म्हटलं.

माझी हिरडी ठणकत होती आणि दर्यात गेलेल्यांची अजून सात नावं बाकी होती. पारूला तिथून हलू नको म्हणून मी डोळ्यांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.